पहाटे चारला चालेल अशी शेगडी

रमजान तोंडावर आला की आमच्या मिरजेत भांड्यांच्या आणि शेगड्यांच्या दुकानांत गर्दी वाढते. कपड्यांची खरेदी शेवटच्या दहा दिवसांची. त्याआधीची सगळी खरेदी स्वयंपाकघराची. मिक्सरच्या भांड्याला धार लावून येते, कुकरची रिंग बदलते, आणि वर्षभर ‘चालतंय अजून’ म्हणत ढकललेली शेगडी एकदाची बदलायचं ठरतं. शेजारच्या काकूंना यात नवल वाटत नाही. त्यांच्याकडे हाच बेत दिवाळीच्या फराळाआधी शिजतो. चकलीला जशी सारखी, न भडकणारी आच लागते तशीच समोशाला लागते. पुरणाला जसा दमाचा विस्तव लागतो तसाच खिचड्यालाही.

फरक आहे तो वेळेचा. रमजानमध्ये चूल दिवसातून दोनदाच पेटते, पण दोन्ही वेळा घड्याळ डोक्यावर उभं असतं. पहाटे सहरी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचं जेवण. चार-साडेचारच्या सुमारास उठायचं, पोळ्या लाटायच्या, रात्रीचं सालन गरम करायचं, फेण्यांसाठी दूध तापवायचं, चहा टाकायचा. वेळापत्रकात छापलेल्या मिनिटाच्या आत सगळ्यांचं खाणं उरकायचं. संध्याकाळी इफ्तार. तिथे उलटं. अस्रच्या नमाजनंतर सूर्यास्तापर्यंत जो दीड-दोन तास मिळतो त्यात भजी, समोसे, खीमा किंवा डालचा, शिवाय शेजारी पाठवायचं ताट. पहाटे घाई आणि झोप, संध्याकाळी घाई आणि थकवा. शेगडीची खरी परीक्षा या दोन वेळांना होते. दुकानात मात्र आपण ती भर दुपारी, पोटभर जेवून, एसीत उभं राहून पाहतो.

आणि बहुतेक वेळा पाहणारा दुसराच असतो. ईदची भेट म्हणून मुलगा परस्पर शेगडी घेऊन येतो, किंवा नवरा येता येता उचलून आणतो. प्रेम असतं त्यात, नाही असं नाही. पण जिचा हात रोज त्या बटणांवर फिरणार तिला काय हवं होतं हे खोकं उघडल्यावर कळतं. भावांनो, अम्मीला सोबत घेऊन जा. सरप्राइज साडीत करा, शेगडीत नको.

दुकानात आधी डोळ्यांत भरते ती काच. काळी, चकचकीत, वर फुलांची नक्षी. पुसायला सोपी, दिसायला छान, दोघा-तिघांच्या घराला पुरेशी. ही काच कडक केलेली असते, साध्या खिडकीसारखी नसते. तरी तिला मर्यादा आहेत. मोठं, बुडाला पसरट पातेलं तासन् तास ठेवलं की त्याच्या तळाची धग परतून काचेवर येते. तापलेल्या काचेवर गार पाणी सांडलं किंवा कोपऱ्याला भांड्याचा टोला बसला, तर अशी काच तडकत नाही, एकदम चुरा होऊन पसरते. ज्या घरात खिचड्याचं पातेलं तीन-चार तास उतरत नाही, ईदच्या आदल्या रात्री शीरखुर्म्याचं दूध आटत असतं आणि दुसऱ्या दिवशी निम्मी गल्ली खायला येणार असते, तिथे माझं मत स्टीलच्या बाजूने पडतं. स्टीलला ओरखडे पडतात, पोचे येतात, जावेच्या घरच्या काचेपुढे ते साधं दिसतं. पण काथ्याने घासता येतं आणि भीती वाटत नाही.

दुसरा मोह बर्नरच्या संख्येचा. दोनापेक्षा तीन बरे, तीनापेक्षा चार. चार बर्नर असणं वेगळं आणि चार भांडी बसणं वेगळं. ओट्याची लांबी ठरलेली असते, म्हणून शेगडीची रुंदीही फार वाढवता येत नाही. मग बर्नर एकमेकांना खेटून येतात. एकावर तवा आणि शेजारी कढई ठेवली की कडा एकमेकींवर चढतात, पोळी लाटणारीच्या मनगटाला कढईचा कान लागतो, आणि मागचे दोन बर्नर गाठायला पुढच्या उकळत्या भांड्यावरून हात न्यावा लागतो. यावर घरगुती उपाय आहे. हेच वर्तमानपत्र घ्या (वाचून झाल्यावर), त्यावर आपलं सगळ्यात मोठं पातेलं, तवा आणि कढई पालथी घाला आणि पेनाने गोल आखून कापा. बुडाचा घेर नको, तोंडाचा घ्या, कारण भांडी तोंडाशीच भिडतात. ते कागदी गोल दुकानात शेगडीवर मांडून पाहा. दुकानदार हसेल. हसू द्या. माझ्या अनुभवात, नेटके तीन बर्नर असलेली शेगडी दाटीवाटीच्या चार बर्नरवर नेहमी मात करते, आणि त्या तिनांत एक मोठा, एक मधला, एक लहान असावा. लहान बर्नर चहासाठी म्हणून दुय्यम समजतात. खरं तर दम देण्याचं आणि दूध आटवण्याचं काम त्याच्यावरच होतं. बटण अगदी कमी केल्यावर ज्योत सगळ्या भोकांतून सारखी आणि निळी राहते का, की फडफडून विझते, हे विकत घेण्याआधी पेटवून पाहता आलं तर जरूर पाहा.

आता आकड्याचं. शेगडीवर आयएसआयची खूण आणि तिच्यासोबत आयएस 4246 हा क्रमांक असायला हवा. घरगुती एलपीजी शेगड्यांचं हे भारतीय मानक. या मानकानुसार शेगडीची उष्णता-कार्यक्षमता किमान 68 टक्के लागते. सोप्या भाषेत सांगायचं तर 100 रुपयांचा गॅस जाळला तर 68 रुपयांची धग भांड्यात उतरते. उरलेली ओट्याला, भिंतीला आणि समोर उभ्या असलेल्या बाईच्या तोंडाला. काही शेगड्यांवर वीजबचतीच्या उपकरणांसारखं ताऱ्यांचं लेबलही असतं. तारे जास्त तेवढी बचत जास्त. हा पैशांचा हिशेब झाला, पण रोजा धरून स्वयंपाक करणारीला तो अंगावर जाणवतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. आज घेतलेली शेगडी दहा वर्षं टिकली तर तेवढ्यात रमजान साडेतीन महिने मागे गेलेला असेल, आणि पूर्ण फेरा व्हायला 33 वर्षं लागतात. म्हणजे प्रत्येक गृहिणीच्या वाट्याला एप्रिल-मे मधले रमजान येतातच. पंखा लावला तर ज्योत हलते, म्हणून पंखा बंद. घशाला कोरड. अशा वेळी बाहेर वाया जाणारी धग कमी असणं ही चैन नव्हे.

हे 68 टक्के प्रयोगशाळेतले, हेही लक्षात असू द्या. लहान भांड्याखाली मोठा बर्नर पूर्ण उघडला आणि ज्योत बाजूंनी वर चढू लागली की कुठलंच मानक मदतीला येत नाही. भोकं बुजली, ज्योत पिवळी पडली, भांड्याचं बूड काळं होऊ लागलं, की शेगडी नवी असो की जुनी, ती साफ करून घ्यायची वेळ झाली.

बर्नर पितळेचा असावा का? जड पितळी बर्नर उष्णता सोसतो, लवकर वाकत-झिजत नाही, घासला की पुन्हा उजळतो. हलक्या मिश्रधातूचे बर्नर स्वस्त पडतात. हातात घेऊन वजन पाहा, एवढंच सांगते.

ज्या गोष्टीबद्दल दुकानात कुणी आपणहून बोलत नाही, ती मात्र मला सगळ्यात मोठी वाटते. आमच्या नात्यातल्या एका घरी गेल्या काही वर्षांपूर्वीच्या रमजानमधली गोष्ट. सून पहाटे उठली, दूध गॅसवर ठेवलं आणि मुलांना उठवायला आत गेली. मुलं काही एका हाकेला उठत नाहीत. तेवढ्यात दूध उतू गेलं, ज्योत विझली, आणि गॅस तसाच येत राहिला. सासूबाई वजू करायला न्हाणीकडे निघाल्या होत्या. त्यांच्या नाकाला वास लागला, आणि त्यांचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला नाही, हे नशीब. त्यांनी अंधारातच रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या आणि सगळ्यांना अंगणात काढलं. त्या दिवशी सहरी खजूर आणि पाण्यावर झाली.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो छताकडे जात नाही, फरशीवर पसरून साचतो. त्याला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. वास आला तर दिवा लावू नये आणि लागलेला बंदही करू नये, ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. गॅसगळतीसाठी 1906 हा क्रमांक देशभर चालतो. तो सिलिंडरजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा, पण फोन घराबाहेर जाऊन करा.

ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय काही शेगड्यांत असते. बर्नरशेजारी एक बारीक दांडी असते. ज्योतीने ती तापलेली असेपर्यंत गॅसची वाट उघडी राहते, ती थंड झाली की वाट बंद. ओट्यात बसवायच्या हॉबमध्ये ही सोय जास्त आढळते, साध्या शेगडीत कमी, आणि तिचे जास्त पैसे पडतात. पेटवताना बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, याचा काहींना कंटाळा येतो. पण काच, नक्षी आणि चौथा बर्नर यांच्यावर खर्च करायची तयारी असेल, तर तो पैसा आधी इथे घाला. अर्धवट झोपेतल्या माणसाला जागी राहणारी शेगडी हवी. घरात विसरभोळं वय झालेलं कुणी असेल, तर बाराही महिने.

ऑटो-इग्निशन, म्हणजे लायटरविना पेटणं, त्यापुढे दुय्यम. पहाटे लायटर शोधावा लागत नाही हे सुख आहेच, आणि मनगट दुखणाऱ्या अम्मींना त्याचा उपयोगही होतो. पण दोनदा दूध सांडलं की ठिणगी रुसते, मग लायटर पुन्हा खिळ्याला.

काही जण म्हणतील, इंडक्शन घ्या. मीही म्हणते, पण जोडीला. त्यावर ज्वारीची भाकरी फुगत नाही, तांब्याची कल्हईची हंडी आणि ॲल्युमिनियमचं पातेलं तापत नाही, आणि वीज गेली तर सहरी अडली. मात्र त्याला वेळ लावून ठेवता येते आणि तो स्वतःहून बंद होतो. पहाटेचं दूध, चहा, रात्रीचं सालन गरम करणं एवढं त्याच्याकडे दिलं तर गॅसवर फक्त पोळ्या उरतात. तीन बर्नरऐवजी दोन बर्नरची चांगली शेगडी आणि सोबत लहान इंडक्शन, हा हिशेबही लहान घराला जमतो. पाइपचा गॅस येऊ घातलेल्या भागात राहत असाल तर दुकानदाराला आधीच विचारा. त्याचा दाब वेगळा असल्याने शेगडीतले जेट बदलावे लागतात, आणि ते काम कारागिराचं, घरच्या पान्याचं नव्हे.

आमच्या दादीच्या काळी निवडायचा प्रश्नच नव्हता. भुसा ठासून भरलेली शेगडी, मध्ये बाटली उभी करून पाडलेलं भोक, आणि ती पेटायला लागणारा वेळ, म्हणून सहरीसाठी रात्री दोनलाच उठणं. पुढे पंपाचा स्टोव्ह आला. त्याची जात मूळची स्वीडनची, 1892 मधली. आमच्या गल्लीत त्याच्या घर्र आवाजाने शेजारची चार घरं आपोआप जागी होत, सहरीसाठी उठवत फिरणाऱ्याचं अर्धं काम तोच करी. गॅस आल्यावर तो आवाज गेला आणि पहाटेची दोन तासांची झोप बायकांना परत मिळाली.

नवी शेगडी घरी आली की नळीही नवीच लावा. आतून तारेची जाळी असलेली, आयएसआय खुणेची, दीड मीटरपर्यंतची. तिच्यावरची तारीख पाहा आणि पाच वर्षांनी बदला. सिलिंडर जमिनीवर उभा आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर, ओट्यावर, असंच असावं. शेगडीची स्वतःची उंचीही मोजा. ओटा आधीच उंच असेल आणि त्यावर उंच पायांची शेगडी आली, तर खोल पातेलं ढवळताना खांदा भरून येतो.

जुनी शेगडी कुणाला द्यायची असेल तर गळती तपासून, जेट साफ करून, नव्या नळीसकट द्या; आपल्याकडे बिघडली म्हणून गरिबाच्या घरी ती नीट चालणार नाही. देण्यासारखी उरली नसेल तर भंगारवाल्याला. पण त्याआधी पितळेचे बर्नर काढून वेगळे ठेवा आणि त्यांचं वजन वेगळं करायला सांगा, कारण भंगारवाला सगळं मिळून पत्र्याच्या भावात धरतो.