वाड्याबाहेरचे निळूभाऊ

आमच्या करडीकडे धान निघालं की मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा सगळा झाडीपट्टीचा नाटकवेडा मुलूख. रात्री खलनायक झालेला नट सकाळी टपरीवर चहा प्यायला आला, की बाया त्याच्याकडे रागानं बघतात. त्याच्या तोंडाचा रंग उतरलेला असतो, पण बायांचा राग उतरलेला नसतो. नटाला यापेक्षा मोठी पावती नाही. निळू फुले यांना ती जन्मभर मिळाली.

लहानपणी 'सामना' पाहताना माझी अम्मी पडद्याकडे बघून बोटं मोडत होती, ते मला अजून आठवतं. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यातला साखर कारखान्याचा धनी हिंदूराव धोंडे पाटील फारसा ओरडत नाही. तो पाहुणचार करतो, आवाज खाली ठेवतो, डोळे बारीक करतो. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला ओरडावं लागत नाही, हे निळूभाऊंनी ओळखलं होतं.

हे त्यांना कुठून कळलं? मला वाटतं, सत्ता त्यांनी खालून पाहिली होती. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळी होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते घडले. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यानं त्यांना नाव दिलं आणि १९६८च्या 'एक गाव बारा भानगडी'नं पडदा दिला. १९७२मध्ये ते 'सखाराम बाइंडर' झाले. ते नाटक कोर्टापर्यंत गेलं. १९७९च्या 'सिंहासन'मध्ये तर हाच माणूस सत्तेचा खेळ उघड्या डोळ्यांनी बघणारा पत्रकार दिगू टिपणीस झाला. १९८४च्या 'सारांश'मधला पुढारी हिंदी प्रेक्षकांनाही धडकी भरवून गेला.

नकलाकारांनी मात्र त्यांना वाड्यातच कोंडून ठेवलं. वाड्याबाहेरचे निळूभाऊ अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते. चळवळीतल्या कार्यकर्त्यांना आधार देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ते डॉ. श्रीराम लागूंच्या सोबतीनं उभे राहिले. १३ जुलै २००९ रोजी ते गेले.

मुखवट्यालाच चेहरा समजण्याची खोड आपल्याला आहे. मी मराठीत लिहितो. तरी कविसंमेलनात माझं नाव पुकारलं, की कुणीतरी म्हणतं, "चाचा, एखादा शेर होऊ द्या!" मी हसतो आणि झाडीतल्या धानाची कविता वाचतो. ती संपेपर्यंत बहुतेकांना शेराची आठवण राहत नाही.

निळूभाऊंची गोष्ट उलटी होती. त्यांचं काम संपलं तरी लोकांना हिंदूरावच आठवत राहिला. अम्मीनं मोडलेली बोटं त्या पाटलासाठी होती. पाटील इतका खरा करणाऱ्या माळ्याला सलाम करायचा राहून गेला होता. तो आज करतो.