ऐंशी रुपयांचा सफाई कामगार

‘सर, हा सकर घेऊन जा. काच एकदम चकाचक! खायला घालायचीही कटकट नाही.’ ऐंशी रुपयांत फुल-टाइम सफाई कामगार? म्हटलं, द्या.

तेव्हा तो माझ्या बोटाएवढा होता. दीड वर्षात वीतभर झाला. मग एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर साहेब माझ्या गोल्डफिशच्या कुशीला चिकटलेले! सकाळी तिथे पांढरा चट्टा. मोठा झालेला, अर्धपोटी सकर संथ माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. तो फूटभराच्या वर वाढतो, हेही नाही. माझा टँक अवघा दोन फुटी.

‘पाषाण तलावात सोड, पुण्य लागेल,’ असा एका मित्राचा सल्ला. खरं सांगतो, मोह झाला होता. पण हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अंगावर चिलखत, त्याला खाणारं इथे फारसं कुणी नाही. उजनीच्या जलाशयात तो आधीच पसरलाय आणि त्याच्या काटेरी परांनी मच्छिमारांची जाळी फाटतात. त्यात माझी भर कशाला? तीन रविवार फोन फिरवले. शेवटी ऑफिसातल्या एका सहा फुटी टँकवाल्याने त्याला ठेवून घेतलं.

आता नवा कामगार. या वेळी आधी शेवाळ बघितलं. नव्या टँकमधला तपकिरी थर असेल तर ओटो ही इवलीशी मांजरमाशी बेस्ट. पण ती पाच-सहांच्या घोळक्यात आणि मुरलेल्या टँकमध्येच ठेवा, नाहीतर उपाशी मरते. केसांसारख्या शेवाळाला अमानो कोळंबी. झाडांवरच्या काळ्या दाढीला सियामी अल्गी-ईटर. मात्र त्याच्या नावाखाली चायनीज गळ्यात मारतात, जो मोठेपणी गुंडगिरी करतो. खऱ्या सियामीचा काळा पट्टा थेट शेपटीच्या टोकापर्यंत जातो. आणि निळसर-हिरवा, वास मारणारा थर असेल तर पैसे वाचवा. ते शेवाळ नव्हे, जिवाणू आहेत. त्यांना कुणी तोंड लावत नाही.

माझ्याकडे काचेवर हिरवे कडक ठिपके होते. गोल्डफिश कोळंबी मटकावणार, ओटोही गिळायला बघणार. म्हणून तीन नेराइट गोगलगायी आणल्या. गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं वाढत नाहीत, त्यामुळे लोकसंख्यावाढीचं टेन्शन नाही. अंड्यांचे पांढरे ठिपके मात्र सगळीकडे चिकटतात आणि नखाने खरवडूनही निघत नाहीत!

अर्थात, खरा गुन्हेगार गॅलरीतलं ऊन होतं. टँक आतल्या भिंतीला हलवला, लाइट सहा तासांवर आणला, आठवड्याला पाव पाणी बदलायला लागलो. निम्मं शेवाळ तिथेच कमी झालं. गोल्डफिशचा चट्टाही हळूहळू भरला.

आणि हो, झाकण घट्ट लावा. परवा एक नेराइटबाई टीव्हीच्या मागे सापडल्या.