स्पीकर बदलण्याआधी सोलापुरी चादर टांगून बघा

"स्वस्तात चांगले बुकशेल्फ स्पीकर कोणते?" असं तुम्ही विचारता. मी उलट विचारते: ते ठेवणार कुठे?

आपल्या सोलापुरातली नेहमीची खोली घ्या. दहा बाय दहा, खाली फरशी, वर स्लॅब. तिथे समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५७ हर्ट्झचा सूर घुमतो, कारण त्याची अर्धी तरंगलांबी म्हणजे जवळपास दहा फूटच! त्यात स्पीकर भिंतीला चिकटवला की डग्गा आणखी फुगतो. महागडा स्पीकर आणला तरी हेच होणार. म्हणून तो दीड-दोन फूट पुढे घ्या, ट्विटर कानाच्या उंचीवर ठेवा, आणि दोन स्पीकर व तुम्ही मिळून समभुज त्रिकोण जुळवा.

आता टाळी वाजवा. खणखणीत आवाज घुमला, तर बाजूच्या भिंतीवर जाड चादर दुहेरी करून, भिंतीपासून चार बोटं सोडून टांगा. गाण्यातले शब्द मोकळे होतील. खर्जाचं घुमणं मात्र चादरीने जात नाही, त्याच्या लाटा फार लांब असतात.

फेलोशिपचे साठवलेले पैसे घेऊन मीही नवा जोड आणायला निघाले होते. हे सगळं करून पाहिलं, आणि जुनाच ठेवला.

तरी घ्यायचाच असेल, तर वॅटचे आकडे बघू नका. परत करता येईल असा घ्या आणि स्वतःच्या खोलीत ऐका.