कारखाना आणि कांदळवन

(द्वितीय वर्ष, कला)

‘जैवविविधता’ हा शब्द आता आपल्या चांगलाच ओळखीचा झाला आहे. पर्यावरणाच्या सक्तीच्या विषयात आपण त्याची व्याख्या पाठ करतो, पाच गुणांसाठी ती लिहितो आणि परीक्षा संपताच विसरतो. व्याख्या तशी सोपी आहे. एकाच जातीच्या जीवांतले आनुवंशिक भेद, निरनिराळ्या जातींची संख्या व विविधता आणि या जाती जेथे एकमेकींच्या आधाराने जगतात त्या परिसंस्था, हे तिन्ही मिळून जैवविविधता होते. भाताची निरनिराळी वाणे हे पहिल्या प्रकाराचे उदाहरण. खाडीतला जिताडा, चिंबोरी आणि निवटी हे दुसऱ्याचे. आणि ही सारी मंडळी जेथे नांदतात ती खाडी हे तिसऱ्याचे.

या व्याख्येत कारखान्याचे स्थान कोठे? बहुतेकजण उत्तर देतील, की कारखाना हा जैवविविधतेचा शत्रू. हे उत्तर देणे मला सोपे नाही. माझे आजोबा खाडीत पाग टाकीत. माझे वडील औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहेत, आणि माझी महाविद्यालयाची फी त्यांच्या पगारातून भरली जाते. कोळंबीला रॉकेलचा वास येतो, म्हणून आजोबा कंपन्यांना शिव्या देतात. “कंपनी बंद पडली तर पोरांनी शिकायचे कशावर?” असे वडील विचारतात. दोघांचेही खरे आहे. म्हणूनच वस्तू तयार करणारी एखादी कंपनी जीवसृष्टी राखू शकते काय, आणि राखायची तर नेमके काय करावे लागते, हे समजून घेण्याचा प्रयत्न मी या लेखात केला आहे.

विक्रोळीचे उदाहरण

गोदरेजचे कुलूप किंवा कपाट आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला. पुढे १९४०च्या दशकात त्यांचे बंधू पिरोजशा यांनी विक्रोळी येथे मोठी जमीन घेतली. तेथे कारखाने उभे राहिले, कामगारांची वसाहत झाली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागणाऱ्या मतपेट्या याच विक्रोळीत तयार झाल्या. या जमिनीचा पूर्वेकडचा भाग ठाणे खाडीला लागून आहे आणि त्यावर कांदळवन आहे. मुंबईत जमिनीला सोन्याचा भाव. खाडीत भराव टाकून जमीन करण्याची तर या शहराला जुनी सवय. अशा ठिकाणी या कंपनीने हे वन राखले. १९८५ साली कांदळवनाच्या अभ्यासासाठी ‘सूनाबाई पिरोजशा गोदरेज सागरी परिसंस्था केंद्र’ स्थापन झाले. संशोधन, संरक्षण आणि लोकजागृती अशी त्याच्या कामाची तीन अंगे आहेत.

यातील सालाकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. किनाऱ्यावरील बांधकामांवर नियंत्रण आणणारी केंद्र सरकारची अधिसूचना १९९१ची. महाराष्ट्रातील कांदळवनांची तोड थांबविणारा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश २००५चा. राज्य शासनाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२चा. म्हणजे कायद्याने हात धरण्यापूर्वीच हे केंद्र सुरू झालेले होते. कायदा आल्यावर तो पाळणे हे कर्तव्यच आहे. त्यात श्रेय थोडे. कायदा नसताना जमीन मोकळी ठेवणे याला मात्र काही अर्थ आहे.

राखणे म्हणजे काय करणे?

‘नुसती जमीन सोडून दिली, त्यात कंपनीने केले काय?’ अशी शंका कोणी काढील. तिचे उत्तर कांदळवनाच्या जगण्यात आहे. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तिवराची मुळे पेन्सिलींसारखी चिखलातून वर येतात आणि हवेतून श्वास घेतात. कांदळाची मुळे खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात व झाडाला टेकू देतात. खाऱ्या पाण्यातले जादा मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. पान जिभेला लावले तर खारट लागते. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि त्याचे लांब शेंगेसारखे रोप खाली चिखलात पडून मूळ धरते.

ही सारी रचना भरती-ओहोटीवर अवलंबून आहे. बांध घालून भरतीचे पाणी अडविले, किंवा डेब्रिज टाकून श्वसनमुळे गाडली, तर एकही कुऱ्हाड न चालविता वन मरते. तेव्हा कांदळवन राखणे म्हणजे पाण्याच्या वाटा खुल्या ठेवणे, राडारोड्याचे ट्रक अडविणे, सरपणासाठी होणारी तोड थांबविणे आणि वनात कोणते जीव आहेत याची वर्षानुवर्षे नोंद ठेवणे. हे काम रोजचे आहे. त्याचे उद्‌घाटन करता येत नाही आणि फोटोही चांगला येत नाही.

त्याचा लाभ मात्र कुंपणापलीकडच्यांनाही होतो. कांदळवनाच्या मुळांत अनेक मासे, कोळंबी व चिंबोऱ्यांची पिल्ले वाढतात आणि मोठी होऊन खाडीत व समुद्रात जातात. म्हणजे कोळ्याच्या जाळ्यातली काही मासळी अशा वनातच लहानाची मोठी झालेली असते. ही झाडे गाळ धरून ठेवतात आणि लाटांचा जोर मोडतात. ठाणे खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. या खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

तरीही एका कंपनीच्या भल्या इच्छेवर सारे सोपवून चालणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील सुमारे २२ हजार कांदळवृक्ष तोडण्यास उच्च न्यायालयाने परवानगी दिली. विकास आणि वन यांचा तराजू शेवटी शासनाच्या व न्यायालयाच्या हाती असतो, हे आपण विसरू नये.

चांगल्या हेतूची दुसरी बाजू

आता दुसरे उदाहरण पाहू. आपल्या महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहात महासीर मासे देवीचे म्हणून राखलेले आहेत. त्यांना कोणी पकडीत नाही. घाटावर लोणावळ्याला, टाटांच्या वीजनिर्मिती कंपनीने १९७०च्या दशकापासून वळवण येथे याच महासीरची कृत्रिम पैदास केली. धरणांमुळे आणि बेसुमार मासेमारीमुळे हा मासा कमी होत चालला होता. कंपनीच्या तळ्यांत वाढविलेली त्याची लाखो पिले देशातील अनेक जलाशयांत व नद्यांत सोडण्यात आली. काम निःसंशय मोलाचे होते.

पण त्यातली काही पिले दक्षिणेतील कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा महासीर निराळा. त्याच्या पाठीला उंचवटा असतो आणि तो जगात फक्त कावेरीच्या खोऱ्यातच सापडतो. बाहेरून आलेल्या महासीरची संख्या तेथे वाढत गेली आणि मूळचा महासीर दिसेनासा होऊ लागला, असे गळ टाकणाऱ्यांनी ठेवलेल्या नोंदींवरून संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले. २०१८ साली त्या माशाची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली. वाळूउपसा, धरणे, सुरुंग लावून होणारी मासेमारी हीही कारणे आहेतच. परंतु एका नदीतला जीव दुसऱ्या नदीत सोडणे हे दरवेळी पुण्याचे काम नसते, एवढा धडा यातून घेतला पाहिजे.

हाच धडा वृक्षारोपणाला लागू आहे. जून उजाडला की कंपन्यांचे अधिकारी खड्ड्यांत रोपे लावतात. रोपे कोणती? पुष्कळदा गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ. ही झाडे लवकर वाढतात, गुरे त्यांतली काही खात नाहीत, त्यामुळे आकडा दाखविण्यास सोयीची. पण एकाच परदेशी जातीची हजार झाडे म्हणजे हिरवा रंग झाला. जैवविविधता झाली नाही. उंबर, करंज, ऐन, किंजळ, जांभूळ अशी त्या जागेची झाडे लावली, तर त्यांवर जगणारे किडे, पाखरे व वटवाघळेही येतात. आणि माळावर मुळात गवतच असेल तर झाडे न लावता ते गवत राखणे अधिक योग्य. माळढोक, तणमोर यांना गवताळ रान लागते, जंगल नव्हे.

कंपनीने करावयाची कामे

या दोन उदाहरणांवरून मला कामांचा एक क्रम लावावासा वाटतो. पहिले काम नुकसान टाळण्याचे: कारखान्याची जागा निवडताना ओढा, पाणथळ, देवराई यांना बगल देणे. दुसरे काम नुकसान कमी करण्याचे, आणि यात सांडपाणी मुख्य. सेंद्रिय घाण असलेले पाणी ओढ्यात गेले, की ती कुजविणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. मग विष नसतानाही मासे गुदमरून मरतात. प्रक्रिया-यंत्रणा बसविणे हा अर्धा भाग झाला. ती रात्री आणि पावसाळ्यातही चालविणे हा उरलेला अर्धा. तिसरे काम कच्च्या मालाचे. लाकूड, पामतेल, खनिज कोणत्या रानातून येते याची चौकशी न करणारी कंपनी फाटकाआत कितीही बाग फुलवो, तिचे ओझे दुसऱ्या गावावर पडलेलेच असते. चौथे काम बिघडलेले दुरुस्त करण्याचे, आणि देणगी व जाहिरात या सर्वांनंतर. आपल्याकडे हा क्रम अनेकदा उलटा लागतो.

पैसा नाही, ही सबब मोठ्या कंपन्यांना सांगता येणार नाही. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावयाची असते. वनस्पती व प्राण्यांचे संरक्षण त्या कामांच्या यादीत स्पष्टपणे दिलेले आहे. जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. एकीकडे पैसा आणि दुसरीकडे नोंदवही अशा दोन्ही गोष्टी कायद्याने दिल्या आहेत. त्यांची गाठ घालून देणारी माणसे हवीत.

ती माणसे आपण होऊ शकतो. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला माशाचे शास्त्रीय नाव कदाचित येणार नाही, पण आजोबांच्या पिढीला खाडीतल्या प्रत्येक जीवाचे नाव आणि हंगाम तोंडपाठ आहे. ते आज लिहून घेतले नाही तर त्यांच्याबरोबरच जाईल. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात एक दिवस वृक्षारोपणाऐवजी या नोंदींसाठी द्यावा, अशी प्राध्यापकांना माझी नम्र सूचना आहे. खाडीत पूर्वी काय होते हे कागदावर असेल, तरच आता काय उरले आहे हे कोणत्याही कंपनीला विचारता येईल. वडिलांची नोकरी टिकावी आणि आजोबांच्या पागात कोळंबीही यावी, असे मागणे अवाजवी आहे असे मला वाटत नाही.