वजनदार (चित्रपट)

'वजनदार' हा ११ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रदर्शित झालेला मराठी विनोदी चित्रपट आहे. त्याचे लेखन व दिग्दर्शन सचिन कुंडलकर यांचे असून निर्मिती विधी कासलीवाल यांच्या लँडमार्क फिल्म्स या संस्थेने केली आहे. सई ताम्हणकर, प्रिया बापट आणि सिद्धार्थ चांदेकर यांच्या प्रमुख भूमिका असून संगीत अविनाश-विश्वजीत यांचे आहे.

शीर्षक

मराठीत 'वजनदार' हा शब्द जड वस्तूसाठी वापरला जातो, तसाच ज्याच्या शब्दाला मान आहे अशा व्यक्तीसाठीही. समाजात 'वजन असणे' ही प्रतिष्ठेची खूण, तर शरीराला वजन असणे, विशेषतः स्त्रीच्या, हा थट्टेचा विषय. शीर्षकातील श्लेष या विसंगतीवर बोट ठेवतो.

कथानक

पाचगणीत राहणाऱ्या कावेरी (सई ताम्हणकर) आणि पूजा (प्रिया बापट) या दोन स्थूल मैत्रिणींची ही कथा आहे. कावेरी विवाहित असून सासरच्या परंपरानिष्ठ घरात वावरते. पूजा अविवाहित आणि मोकळ्या स्वभावाची आहे. वजन घटवण्यासाठी दोघी आहार-व्यायामाचे नाना उपाय करून पाहतात आणि त्यांच्या फजितीतून विनोद निर्माण होतो. शेवटी प्रश्न वजनाच्या आकड्यापाशी थांबत नाही. आहे त्या देहासह स्वतःला स्वीकारण्यापर्यंत दोघी येऊन पोहोचतात.

विनोदाचे स्वरूप

मराठी रंगभूमी व चित्रपटांत स्थूल पात्र बहुधा दुय्यम असते. ते येते, त्याच्या खाण्यावर किंवा चालण्यावर हशा पिकतो आणि ते जाते. सतीश मोटलिंग दिग्दर्शित 'अगडबम' (२०१०) या चित्रपटाने असे पात्र नायिकेच्या जागी आणले. त्यात तृप्ती भोईर यांनी कृत्रिम रंगभूषेच्या साहाय्याने प्रचंड देहाची नाजुका साकारली. मात्र तेथील विनोदाचा भर त्या देहाच्या अतिशयोक्तीवर होता. 'वजनदार'मधील स्त्रिया रोजच्या पाहण्यातल्या आहेत. हसू येते ते त्यांच्या आकाराला नव्हे, तर तो लपवण्याच्या आणि बदलण्याच्या धडपडीला. हा फरक लहान वाटला तरी त्यामुळे प्रेक्षकाची जागा बदलते: तो पात्रांकडे पाहून नव्हे, त्यांच्यासोबत हसतो.

शरत कटारिया यांचा हिंदी 'दम लगा के हैशा' (२०१५) आणि अनुष्का शेट्टी यांची भूमिका असलेला 'साइझ झीरो' (२०१५, तेलुगू व तमिळ) हे याच सुमाराचे चित्रपट. त्यांच्या तुलनेत 'वजनदार'चे वेगळेपण असे की, त्याच्या केंद्रस्थानी दोन स्त्रियांची मैत्री आहे. एकीला लग्नानंतर जो दबाव सोसावा लागतो, तो दुसरीला लग्नाआधीच भेटतो.

निर्मिती

कुंडलकर यांनी यापूर्वी 'रेस्टॉरंट', 'गंध', 'हॅपी जर्नी' आणि 'राजवाडे अँड सन्स' हे चित्रपट केले होते. त्यांपैकी 'हॅपी जर्नी'त प्रिया बापट यांची भूमिका होती. 'वजनदार'साठी दोन्ही अभिनेत्रींनी प्रत्यक्ष वजन वाढवले आणि प्रसिद्धीतही या गोष्टीला मोठे स्थान मिळाले. येथे एक अंतर्विरोध राहतो. एरवी सडपातळ असलेल्या अभिनेत्रींनी भूमिकेपुरते वजन वाढवणे हे कौतुकाचे ठरते. मुळातच स्थूल असलेल्या अभिनेत्रीला नायिकेची भूमिका मात्र क्वचितच मिळते.

प्रदर्शन

चित्रपट प्रदर्शित होण्याच्या तीनच दिवस आधी, ८ नोव्हेंबर रोजी, ५०० व १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. तिकीटबारीवर रोखीने चालणाऱ्या चित्रपटगृहांना तो काळ अडचणीचा होता. पश्चिम महाराष्ट्रात घडणारी अशी कथा वऱ्हाडापर्यंत पोहोचते ती वेगळ्या वितरण-व्यवस्थेतून. अमरावती, अकोला हे जिल्हे मुंबई वितरणक्षेत्रात मोडत नाहीत. मध्यप्रांत-वऱ्हाड या जुन्या प्रांतावरून 'सीपी-बेरार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रात ते येतात आणि अमरावती हे त्या क्षेत्रातील वितरकांचे जुने केंद्र आहे.