पात्र राहतं, माणूस जातो

मिहिर विरानी गेला त्या रात्री माझ्या आत्याने टीव्ही बंद केला आणि देवापाशी दिवा लावला. २००१ साल होतं. मिहिर म्हणजे अमर उपाध्याय नावाचा नट आहे, तो अंधेरी-गोरेगावच्या बाजूला कुठेतरी सुखरूप आहे, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. तरी लावला. ‘आपलं मन राहत नाही गं,’ एवढंच म्हणाली. अशी घरं देशभर असणार, कारण ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’च्या निर्मात्यांकडे फोनांचा असा पूर आला की अपघातात गेलेल्या मिहिरला पुन्हा जिवंत करावं लागलं.

पण पुढच्याच वर्षी अमर उपाध्याय खरोखर मालिकेतून बाहेर पडला, तेव्हा आमच्याकडे कोणी दिवा लावला नाही. मिहिर होताच ना समोर! आधी थोडे दिवस इंदर कुमारच्या रूपात आणि मग रोनित रॉयच्या. रोनित तर २००८ साली मालिका संपेपर्यंत मिहिर होता. खोट्या मरणाला सुतक आणि खऱ्या जाण्याची कुणाला खबरही नाही, ही विसंगती माझ्या डोक्यातून तेव्हापासून गेलेली नाही. मालिका पात्राला निरोप देते. माणसाला सहसा देत नाही. आणि प्रेक्षकाचा जीव जडलेला असतो तो दोघांच्या बेमालूम मिश्रणावर.

हे असं का होतं ते समजायला दैनंदिन मालिकेचा रगाडा डोळ्यांपुढे आणावा लागतो. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर. रोज वीस-बावीस मिनिटांचा मजकूर लिहायचा, चित्रित करायचा, संकलित करायचा आणि वाहिनीकडे पोचवायचा. तयार भागांचा साठा, ज्याला सेटवर ‘बँक’ म्हणतात, तो अनेकदा मोजक्या दिवसांपुरताच असतो. अशा वेळी कोणी सांगितलं की मला बाळ होणार आहे, सिनेमा मिळालाय, शिकायला जायचंय, मानधन परवडत नाही किंवा नुसतंच आता पुरे झालं, की लेखकाच्या हातात काही आठवडेच उरतात. कथेचा जो ‘ट्रॅक’ चालू आहे तो त्या पात्रावर उभा असेल, तर पात्र मारून चालत नाही. पात्र कडेचं असेल तर ते गावी जातं, परदेशी जातं, माहेरी जातं. ज्याच्यावाचून घर चालत नाही त्याचा मात्र चेहरा बदलतो.

मराठीत या चेहराबदलाची उदाहरणं भरपूर आहेत. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया रसिका सुनीलने उभी केली. तिचं ते लाडिक बोलणं, नखरे, गुरुनाथला बोटावर नाचवणं लोकांना इतकं पाठ झालं होतं की राग आला तरी वाट तिचीच पाहिली जायची. २०१८ साली रसिका शिकायला अमेरिकेला गेली आणि शनायाच्या कपड्यांत ईशा केसकर आली. दोन वर्षांनी रसिका परतली आणि पुन्हा शनाया झाली. ईशाचं काम मला कठीण वाटतं. दुसरीने घडवलेली लकब उचलायची, ती नक्कल वाटू द्यायची नाही, आणि आपलं काही त्यात घालावं तर ‘ही शनाया नाही’ हे ऐकून घ्यायचं. खलनायिकेला तर हे दुप्पट अवघड, कारण तिचा राग करण्याचीसुद्धा प्रेक्षकाला सवय लागलेली असते.

वेळेला इथे फार महत्त्व आहे. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९मध्ये सुरू झाली तेव्हा संजना दीपाली पानसरे करत होती. २०२०च्या टाळेबंदीनंतर रूपाली भोसले आली आणि २०२४मध्ये मालिका संपली तेव्हा संजना म्हणजे रूपाली, हे समीकरण पक्कं झालेलं होतं. मालिका काही महिन्यांचीच असताना बदल झाला की सांधा दिसत नाही. उलट ‘रात्रीस खेळ चाले’मधल्या शेवंताचं पाहा. अपूर्वा नेमळेकरच्या चालण्यात, बघण्यात, पदर सावरण्यातच शेवंता होती. तिसऱ्या पर्वात, २०२१ साली, तिच्या जागी कृतिका तुळसकर आली, तेव्हा अण्णा नाईकांच्या वाड्यात कोणीतरी पाहुणी आल्यासारखं वाटत राहिलं. यात कृतिकाचा काही दोष नव्हता. पात्र कागदावर लिहिलेलं नसतं, एका देहात वाढलेलं असतं, तेव्हा ते दुसऱ्या देहात घालता येत नाही.

या बाबतीत ‘अग्गंबाई सासूबाई’वाल्यांनी युक्ती चांगली केली. शुभ्रा आणि सोहम दोघेही बदलायचे होते, तर मालिकेचं नावच ‘अग्गंबाई सूनबाई’ केलं. तेजश्री प्रधानच्या जागी उमा पेंढारकर आणि आशुतोष पत्कीच्या जागी अद्वैत दादरकर आले. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक मात्र तेच राहिले. नवा उंबरठा ओलांडून आत आलं की नवी माणसं खुपत नाहीत. हिंदीत याच कामासाठी ‘लीप’ वापरतात. ‘बालिका वधू’ने २०१० साली काही वर्षांची उडी मारली आणि अविका गोरची आनंदी प्रत्युषा बॅनर्जीची झाली. लहान मुलगी मोठी झाल्यावर वेगळी दिसणारच, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती. तीन वर्षांनी प्रत्युषाच्या जागी तोरल रासपुत्रा आली, तेव्हा मात्र कारणाचा आधार नव्हता.

रंगभूमीवर आपण हे पिढ्यान् पिढ्या बघत आलो आहोत. ‘नटसम्राट’ १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी उभं केलं, पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी त्यातले बेलवलकर आपापल्या परीने केले, आणि कोणाचे बेलवलकर सरस यावर मराठी माणसाने रात्री जागवल्या. पण नाटकाचा पडदा दर प्रयोगाला पुन्हा पहिल्यापासून उघडतो. मालिका काल जिथे थांबली तिथूनच पुढे चालते. काल आई असलेली बाई आज वेगळी दिसते आणि घरातल्या एकालाही ते जाणवत नाही, हे मान्य करायला प्रेक्षकाला मनाची केवढी तरी ओढाताण करावी लागते. तो ती करतो, हा त्याचा मोठेपणा.

पात्र मारण्याचा मार्ग मालिकांइतकाच जुना आहे. बीबीसीच्या रेडिओवर ‘द आर्चर्स’ ही शेतकरी कुटुंबाची श्राव्यमालिका १९५०च्या दशकापासून चालू आहे. २२ सप्टेंबर १९५५च्या रात्री ग्रेस आर्चर तबेल्याच्या आगीत घोडा वाचवायला धावली आणि गेली. त्याच रात्री ब्रिटनमधली पहिली व्यावसायिक दूरचित्रवाणी वाहिनी सुरू होत होती, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे चर्चा झाली ती ग्रेसची. ग्रेस साकारणाऱ्या इसान चर्चमन यांनी बऱ्याच वर्षांनी सांगितलं, की पुरुष कलाकारांइतकं मानधन मिळावं म्हणून त्या संघटनेमार्फत धडपडत होत्या आणि पात्र संपवण्यामागे तेही कारण होतं. लाखो लोकांनी ज्या आगीसाठी डोळे पुसले तिच्यामागे मानधनाचा वाद धुमसत होता, हे वाचल्यापासून पडद्यावर कोणी अवेळी मेलं की माझ्या मनात पहिला प्रश्न कराराचा येतो.

जाणाऱ्याला नीट जाऊ द्यायचं तर त्याचं नियोजन कसं करता येतं, याचा नमुनाही ब्रिटनचाच. ‘ईस्टएंडर्स’मधला डेन वॉट्स करणारे लेस्ली ग्रँथम १९८८मध्ये बाहेर पडणार होते. लेखकांनी डेनला तुरुंगात टाकलं आणि त्या तुरुंगातले प्रसंग सलग चित्रित करून ठेवले. नट कधीच मोकळा झाला होता, आणि डेन मात्र थोडा थोडा करत फेब्रुवारी १९८९पर्यंत दिसत राहिला. मग कालव्याच्या काठी, फुलांच्या गुच्छात लपवलेल्या पिस्तुलातून त्याच्यावर गोळी झाडली गेली. आठवड्याला दोन भाग दाखवणाऱ्या मालिकेला ही चैन परवडते. रोज वीस मिनिटं भरणाऱ्यांना ती कुठून परवडावी? पण या डेनलाही २००३ साली परत आणलंच.

सगळ्यात ओढग्रस्तीचा प्रकार तिसरा: जागा रिकामी ठेवायची. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’मधली दयाबेन, म्हणजे दिशा वकानी, २०१७ साली बाळंतपणाच्या रजेवर गेली. दयाबेन कथेत माहेरी, अहमदाबादला. ती येणार, येते आहे, आली, असं म्हणत गोकुळधामचं दार कितीदा वाजलं याची गणती नाही. याच मालिकेने बाकीचे चेहरे बदलले. दयाच्या मुलाचा, टप्पूचा बदलला, खुद्द तारक मेहताचाही बदलला. दयाला हात लावायचं धाडस मात्र वर्षानुवर्षं झालं नाही. मला त्यात एका परीने त्या अभिनेत्रीचा मान दिसतो. पण वाट पाहायला लावण्यालाही मर्यादा असावी. घरातली माणसं माहेरी गेलेल्या सुनेचं नाव रोज काढतात आणि तिला आणायला कोणी जात नाही, हे आपल्या कुठल्याच घरात घडत नाही.

आणि मग ते जाणं, ज्याला कुठला लेखक जबाबदार नसतो. करोनाच्या पहिल्या लाटेनंतर चित्रीकरण सुरू झालं तेव्हा राज्य सरकारने ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला मनाई केली होती. आजी-आजोबा घराघरांतल्या मालिकांतून एकाएकी नाहीसे झाले. पोटाचा प्रश्न होता, काही ज्येष्ठांच्या बाजूने प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट २०२०मध्ये ती अट रद्द झाली. सप्टेंबरमध्ये ‘आई माझी काळुबाई’च्या चित्रीकरणादरम्यान साताऱ्याकडे असताना आशालता वाबगावकर यांना करोनाने गाठलं आणि त्या गेल्या. गोव्याची ही गुणी गायिका-नटी शेवटच्या दिवसांपर्यंत कामावर होती, याचा अभिमान वाटतो आणि चटकाही लागतो.

ऑगस्ट २०२५मध्ये ज्योती चांदेकर गेल्या. ‘ठरलं तर मग’मधली पूर्णा आजी ही त्यांची ओळख घरोघरी पोचली होती. पुढे ती आजी रोहिणी हट्टंगडी यांनी स्वीकारली. याहून भरवशाचे हात शोधून सापडले नसते. तरीही, एखादा भाग, निदान काही मिनिटं, पहिल्या आजीसाठी कथेतच ठेवण्याची चाल आपल्या मालिकांनी का पाडू नये, हे मला कळत नाही. श्रद्धांजलीची पाटी दाखवली जाते, पण ती कथेच्या बाहेर असते. घरातली माणसं मात्र हसतखेळत असतात, कारण त्यांच्या लेखी कोणी गेलेलंच नसतं.

ते कसं करता येतं हे मी ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या ब्रिटिश मालिकेत पाहिलं. ॲन कर्कब्राइड १९७२पासून तिथे डिअर्ड्री करत होत्या. १९ जानेवारी २०१५ला त्या गेल्या. मालिकेने घाई केली नाही, दुसरी डिअर्ड्रीही आणली नाही. ती मैत्रिणीकडे राहायला गेलीय, असं महिनोन् महिने सांगितलं. मग जुलैमध्ये तिच्या साठीच्या समारंभाची तयारी झाली, नवरा केन घर सजवून वाट पाहत राहिला, आणि दारात आली ती मैत्रीण, एकटी, ती बातमी घेऊन.

केनचं काम करणारे विल्यम रोच त्या मालिकेत ९ डिसेंबर १९६०च्या पहिल्या भागापासून आहेत. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. त्यांच्या केनची पहिली बायको व्हॅलरी १९७१मध्ये केस वाळवण्याच्या यंत्राचा धक्का बसून मेली, कारण ॲन रीड या नटीला मालिका सोडायची होती. ॲन रीड पुढे कितीतरी वर्षं इतर कामांत चमकत राहिल्या. २०१५च्या त्या उन्हाळ्यात मात्र चर्चमधल्या शवपेटीपाशी केन उभा होता तेव्हा विल्यम रोच यांनाही रडण्याचा अभिनय करावा लागला असेल असं मला वाटत नाही. चाळीस वर्षांहून जास्त काळ जिच्याबरोबर रोज चहाचं टेबल मांडलं होतं, ती खरोखरच त्या घरात परत येणार नव्हती.