ओसरीला काच लावावी का?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरोघरी दुरुस्तीची कामे निघतात. कुठे गिलावा, कुठे रंग, तर कुठे पुढच्या ओसरीला चौकटी ठोकून काचा बसवण्याचा बेत. ओसरीत धूळ येते, कुत्रे-मांजर शिरते, पावसाची झड येते, शिवाय घरात एक खोली कमी पडते. ही सारी कारणे खरीच आहेत. त्यातच चित्रांत पाहिलेली विलायती घरांची काचेची बैठक डोळ्यांसमोर असते : वेताच्या खुर्च्या, फुलांच्या कुंड्या आणि खोलीभर ऊन. वाशीम, रिसोड, मंगरूळपीर किंवा कारंजा येथे तुमचे घर असेल आणि घरात असा बेत शिजत असेल, तर मिस्त्रीला इसार देण्यापूर्वी पुढील हिशेब वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. दुपारी ओसरीतल्या खाटेवर बहुधा आजोबा किंवा आजी पडलेल्या असतात. काच लावल्याचा परिणाम सर्वांत आधी त्यांनाच सोसावा लागतो.

काचेची खोली ही थंड देशांची गरज आहे. लंडनमध्ये २१ डिसेंबरला भर मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो आणि वारा अंगाला झोंबत असतो. अशा ठिकाणी उन्हाला आत घेणारी व वाऱ्याला बाहेर ठेवणारी खोली ही मोठीच सोय. पण तिथेही काचेचा अतिरेक सोसवत नाही. १८५१ साली जोसेफ पॅक्स्टनने हाइड पार्कमध्ये लोखंड आणि काच यांचा प्रचंड ‘क्रिस्टल पॅलेस’ उभारला, तेव्हा आत उकाडा होऊ नये म्हणून छपराच्या काचांवर कापड ताणावे लागले होते. हे लंडनच्या उन्हात! वऱ्हाडातले ऊन कसे असते ते तुम्हाला सांगायला नको.

काच असे काय करते? सूर्याकडून येणारी बहुतेक ऊर्जा दृश्य प्रकाश आणि त्याच्या लगतचे अवरक्त किरण यांच्या रूपात असते. खिडकीची साधी, ३ मिलिमीटर जाडीची काच समोरून येणाऱ्या या ऊर्जेपैकी शेकडा ८० हून अधिक भाग आत जाऊ देते. आत फरशी, भिंत, खुर्च्या तापतात आणि त्यांच्यापासूनही प्रारण सुरू होते. मात्र हे प्रारण लांब तरंगलांबीचे, सुमारे १० मायक्रोमीटरच्या आसपासचे असते व काच त्याला अपारदर्शक असते. म्हणून उष्णता आत कोंडली जाते, असे आपण पुस्तकात वाचतो.

हे खरे आहे, पण पुरते नव्हे. स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ होरेस द सोस्यूर याने १७६७ साली काचेच्या पेट्यांवर प्रयोग सुरू केले आणि पुढे निव्वळ उन्हाच्या बळावर पेटीतले तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर नेले. त्यानंतर १९०९ साली अमेरिकेतील रॉबर्ट वुड याने एक मजेदार शंका काढली. त्याने दोन सारख्या पेट्या घेतल्या. एकीवर काच बसवली, तर दुसरीवर सैंधवाची पारदर्शक तबकडी. सैंधव लांब तरंगलांबीच्या किरणांनाही बाहेर जाऊ देते, तेव्हा दुसरी पेटी बरीच थंड राहायला हवी होती. प्रत्यक्षात दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या! याचा अर्थ असा, की काचेच्या खोलीत मुख्य अपराध घडतो तो कोंडलेल्या हवेचा. तापलेली हवा हलकी होऊन वर जायला बघते, पण तिला वाटच नसते. (वातावरणाच्या ‘हरितगृह परिणामा’ची यंत्रणा वेगळी आहे; तिथे प्रारण शोषणारे वायू हाच मुख्य घटक. नाव मात्र दोघांना एकच पडले आहे.) वुडचा हा निष्कर्ष लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

आता वाशीमच्या सूर्याकडे वळू. वाशीम सुमारे २०.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही तिथे सूर्य दक्षिणेकडे सुमारे साडेशेहेचाळीस अंश उंचीवर असतो आणि १ मीटर काठीची सावली जवळजवळ काठीइतकीच पडते. २१ मेच्या सुमारास सूर्य ऐन डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. घड्याळात तेव्हा बारा वाजून पंधरा-वीस मिनिटे झालेली असतात, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि वाशीम त्याच्या पश्चिमेला आहे. त्यानंतर सुमारे २३ जुलैपर्यंत मध्यान्हीचा सूर्य चक्क डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस दक्षिणेकडच्या उभ्या काचेवर भर दुपारी थेट ऊन पडतच नाही, आणि हिवाळ्यात मात्र भरपूर पडते. आपल्याला नेमके हेच हवे असते!

घात होतो तो पश्चिमेला. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास सूर्य सुमारे ३५ अंश उंचीवर, पश्चिमेच्या भिंतीसमोर असतो. अशा भिंतीवर दर चौरस मीटरला ५०० वॅटच ऊर्जा पडते असे धरू; हा आकडा हात राखूनच घेतला आहे. ओसरीची काच ३ मीटर लांब व २ मीटर उंच, म्हणजे ६ चौरस मीटर. एकूण ३००० वॅट झाले. त्यांतले शेकडा ८० आत आले तर २४०० वॅट. विजेच्या १००० वॅटच्या दोन शेगड्या आणि वर आणखी जवळजवळ अर्धी शेगडी ओसरीत पेटवून ठेवावी, तसे हे झाले. तेही बाहेर पारा ४२ अंशांवर असताना!

बाहेरची हवा त्वचेहून उष्ण झाली की शरीराला उष्णता टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. आणि घाम वाळायला वारा लागतो. कोंडलेल्या खोलीत तोही नाही. वृद्ध माणसांना तहान कमी जाणवते आणि घामही कमी येतो, म्हणून ऊन न पाहताही, घरात बसल्याबसल्या त्यांना ऊन लागू शकते.

‘मग कूलर लावू’, असे कोणी म्हणेल. वऱ्हाडात कूलर उत्तम चालतो, कारण मे महिन्यातली हवा कोरडी असते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. १००० वॅटची शेगडी ४० मिनिटांत एवढीच उष्णता देते. तेव्हा वरच्या काचेतून येणारी उष्णता नुसती फेडण्यासाठीच ताशी साडेतीन लिटरहून अधिक पाणी उडवावे लागेल. खोली थंड करणे पुढेच राहिले. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हा हिशेब महाग आहे. शिवाय ओली हवा बाहेर जायला वाट नसेल, तर थोड्याच वेळात कूलर निव्वळ दमटपणा वाढवतो.

ओसरी म्हणा, सपरी म्हणा, ती काही केवळ खाट टाकण्याची जागा नव्हती. मातीच्या जाड भिंती, वर धाबे आणि पुढे ओसरी अशा घरात दुपारची उष्णता भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची आणि तोवर ओसरीकडची दारे-खिडक्या गार वाऱ्याला उघडी असायची. ओसरी भिंतीला सावली द्यायची. शाळेच्या सहलीत वर्ध्याजवळ सेवाग्रामला गेलात तर बापूकुटी नीट निरखून पाहा. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. माती, बांबू आणि कौले एवढ्याच साहित्याच्या त्या घरात छपराचा उतार भिंतीच्या किती पुढे आणला आहे, ते पाहण्यासारखे आहे.

ओसरी काचेने बंद केली की आणखी एक गोष्ट घडते, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आतल्या खोलीची खिडकी जी मोकळ्या हवेत उघडत होती, ती आता तापलेल्या ओसरीत उघडते. रात्री घर निवण्याची वाटच बंद झाली. सिमेंटचा स्लॅब दिवसभराची उष्णता अंगात साठवून रात्री खाली सोडत असतो, अशा घरात तर ही वाट फारच मोलाची. एक खोली मिळवताना दोन खोल्या बिघडतात.

म्हणून मला विचाराल तर ओसरी मुळात उघडीच बरी. धुळीसाठी व जनावरांसाठी जाळी पुरते. झडीसाठी वर गुंडाळता येणारा जाड कापडाचा पडदा चालतो. तरीही बंद करायचीच असेल, तर आधी ती कोणत्या दिशेला आहे ते पाहा. दक्षिणेची असेल तर काच सुसह्य होईल. काचेवर ६० सेंटिमीटरचा सज्जा काढला, तर २१ मार्चच्या मध्यान्ही त्याची सावली सुमारे १६५ सेंटिमीटर खाली उतरते, म्हणजे काच बहुतेक झाकली जाते. २१ डिसेंबरला हीच सावली ६३ सेंटिमीटरवर थांबते आणि त्याखाली आजोबांना हवे असलेले थंडीतले ऊन आत येते. पश्चिमेला मात्र हीच युक्ती फसते. चार वाजताच्या तिरप्या उन्हात तोच सज्जा फक्त ४२ सेंटिमीटर सावली देतो. तिकडे काच नकोच. तुराट्यांचा ताटवा, शेतावर वापरतात ती हिरवी जाळी किंवा कडुनिंबाचे झाड हवे. कडुनिंबाची पाने माघ-फाल्गुनात गळतात खरी, पण मे महिन्यापर्यंत तो पुन्हा हिरवागार होतो.

छप्पर तर कधीच पारदर्शक नको, मग ते काचेचे असो वा प्लॅस्टिकच्या पत्र्याचे. मे महिन्यात सूर्य डोक्यावरच असतो. आणि वुडचा धडा विसरू नका : उघडणारी झडप खाली एक आणि अगदी छताशी एक, अशा दोन हव्यात. गरम हवा वरून जाते, तिची जागा खालून येणारी हवा घेते. पडदा लावाल तो काचेच्या बाहेरून लावा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन आले म्हणजे ते खोलीत शिरलेच. पडदा तापतो आणि ती उष्णता आपल्यालाच मिळते.

शेवटच्या गोष्टीची खात्री करून घेणे सोपे आहे. बुटांची दोन सारखी खोकी घ्या. आतून काळा कागद चिकटवा. झाकणाच्या जागी फोटोफ्रेमची काच बसवून कडा चिकटपट्टीने नीट झाका, म्हणजे हात कापणार नाहीत. प्रत्येक खोक्याच्या बाजूला भोक पाडून प्रयोगशाळेतील तापमापी आत सरकवा आणि तिच्या फुग्यावर थेट ऊन पडू नये म्हणून पुठ्ठ्याची लहानशी आडोशी ठेवा. एका खोक्यात काचेच्या आतून पांढरे फडके लावा. दुसऱ्यावर तसलेच फडके बाहेरून, काचेपासून बोटभर अंतर राखून ताणा. चार वाजता दोन्ही खोकी पश्चिमेकडे तोंड करून ठेवा, स्वतः सावलीत बसा आणि दर पाच मिनिटांनी नोंद घ्या. पारा ९० अंशांच्या वर चढू लागला तर खोके लगेच उन्हातून काढा, नाहीतर तापमापी फुटायची. दुसऱ्या दिवशी दोन्ही फडकी काढून टाका आणि एकाच खोक्याला वर व खाली दोन-दोन बोटे रुंदीचे झरोके कापा. दोन्ही खोक्यांवर काच तीच, ऊनही तेच. अर्ध्या तासाने दोन्ही तापमाप्या वाचा आणि आकड्यांतला फरक आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.